दहा सेंटांच्या अंकांचें मोल

कोणत्याही वस्तूची किंमत तिच्या अंगच्या गुणांवरून ठरते, कीं ती घेण्यास उत्सुक असलेल्या माणसांच्या मनावरून ठरते, हा अर्थशास्त्रांतील जुना वाद आहे. धान्य, कापड, लोखंड यांविषयीं तो चालला असतां दोन्ही पक्षांस बोलण्यास पुष्कळ जागा असते. कारण धान्यानें भूक भागते व कापडानें लज्जारक्षण होतें. परंतु जी वस्तु खातां येत नाहीं, नेसतां येत नाहीं, आणि विकत घेतल्यावर बहुधा वाचलीही जात नाहीं, तिच्यासाठीं लोक वाड्याहवेल्यांची किंमत देऊं लागले म्हणजे ह्या वादास निराळाच रंग चढतो. अमेरिकेंतील जुन्या चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांस तिकडे व आतां आपल्याकडेही ‘कॉमिक’ म्हणतात त्या अंकांच्या, बाजाराचा इतिहास ह्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ नांवाच्या मासिकाचा पहिला अंक जून १९३८ चा म्हणून निघाला. त्याची किंमत दहा सेंट होती. त्याच अंकाची एक चांगली राहिलेली प्रत एप्रिल २०२४ मध्यें लिलांवांत साठ लक्ष डॉलरांस गेली. दरम्यानच्या काळांत अमेरिकेंतील सर्वसाधारण महागाई सुमारें बावीस पटींनीं वाढली. म्हणजे महागाईच्या हिशेबानें त्या दहा सेंटांचे दोन-सवादोन डॉलर व्हावयास हवे होते. उरलेल्या वाढीचा जमाखर्च निराळ्या खात्यांत शोधला पाहिजे, हें उघड आहे. तो शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

ह्या प्रश्नास दोन उत्तरें नेहमीं दिलीं जातात. एक असें कीं, हे अंक दुर्मिळ आहेत म्हणून महाग आहेत. दुसरें असें कीं, त्यांतील कला थोर आहे म्हणून त्यांस मोल आलें आहे. दुसऱ्या उत्तराचा निकाल लवकर लागतो. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत ‘सुपरमॅन’ची जी पहिली कथा आहे, ती क्लीव्हलंडच्या जेरी सीगेल व जो शुस्टर ह्या दोन तरुणांची. दोघेही त्या वेळीं तेवीस वर्षांचे होते. वृत्तपत्रांतील दैनिक पट्ट्यांसाठीं म्हणून त्यांनीं तयार केलेलीं, आणि कोणाही वृत्तपत्रसंघानें न स्वीकारलेलीं चित्रें कापून व चिकटवून ती कथा अंकाच्या पानांत बसविण्यांत आली. तिच्यांत जोम आहे, कल्पनेची नवलाई आहे. परंतु रेखाटन कच्चें आहे, हें कोणाही तटस्थ वाचकास दिसण्यासारखें आहे. उलट, सरस रेखाटनाचे दुसरे कित्येक जुने अंक आजही थोडक्या डॉलरांत मिळतात. तेव्हां कला हें किंमतीचें एक गौण कारण असेल. मुख्य कारण खास नव्हे.

पहिल्या उत्तरांत अधिक तथ्य आहे, पण तेंही अर्धेंच. तें नीट कळण्यास हे अंक जन्मले कसे व नाहींसे झाले कसे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

वृत्तपत्रांत छापून गेलेल्या विनोदी चित्रपट्ट्या एकत्र करून पुस्तिकेच्या रूपानें विकण्याचा धंदा अमेरिकेंत १९३३-३४ च्या सुमारास सुरू झाला. ‘फेमस फनीज’ हें मासिक १९३४ मध्यें वर्तमानपत्रांच्या विक्रेत्यांकडे दहा सेंटांस मिळूं लागलें, आणि पुढें जुन्या पट्ट्या अपुऱ्या पडूं लागल्यावर नव्या कथा लिहून घेण्याची प्रथा पडली. १९३८ मध्यें सुपरमॅन आला. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकांत ‘बॅटमॅन’ आला. आणि अमेरिका महायुद्धांत पडण्यापूर्वींच, मार्च १९४१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर, ‘कॅप्टन अमेरिका’नें हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला. लाखों मुलें हे अंक वाचीत. पण वाचीत ती कशीं? अंक खिशांत दुमडून ठेवावयाचा, शेजारच्या मुलाशीं अदलाबदल करावयाचा, आणि नवा महिना उजाडला कीं जुना विसरावयाचा. छापणाराचीही दृष्टि तीच होती. कागद लाकडाच्या लगद्याचा व हलक्या जातीचा. त्यांतील आम्लामुळें तो वर्षागणिक पिवळा पडे व कडांनीं तुटूं लागे. न खपलेल्या अंकांचा विक्रेता परतावा मागे व ते नष्ट होत. थोडक्यांत, महिनाभर जगावें म्हणूनच ही वस्तु जन्मास घातलेली होती.

नाशाचें जें काम काळानें मंदगतीनें केलें असतें तें माणसांनीं घाईनें केलें. डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका युद्धांत उतरल्यानंतर कागदाची टंचाई पडली, आणि देशभर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. शाळकरी मुलेंच हातगाड्या घेऊन दारोदार फिरत, आणि राष्ट्रकार्य म्हणून स्वतःच्या कॉमिकांचे गठ्ठे त्यांत टाकीत. युद्ध संपलें तों दुसरें संकट उभें राहिलें. हे अंक मुलांस बिघडवितात अशी ओरड सुरू झाली. १९४८ मध्यें वेस्ट व्हर्जिनियांतील स्पेन्सर व न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन अशा गांवीं मुलांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं कॉमिकांच्या सार्वजनिक होळ्या केल्या. १९५४ मध्यें फ्रेडरिक वर्थॅम ह्या मानसचिकित्सकाचें ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं अमेरिकन सिनेटच्या उपसमितीनें ह्या व्यवसायाची जाहीर चौकशी केली, आणि प्रकाशकांनीं धास्तीनें आपल्याच हातानें ‘कॉमिक्स कोड’ नांवाचें कडक बंधन स्वतःवर लादून घेतलें. ह्या साऱ्याहून अधिक परिणामकारक असा नाश घरोघरीं झाला. मुलगा शिक्षणास किंवा सैन्यांत गेला, आईनें खोली आवरली, आणि पेटी कचऱ्यांत गेली. ‘माझे अंक आईनें टाकून दिले’ हें वाक्य अमेरिकन संग्राहकांच्या बोलण्यांत म्हणीसारखें रुळलेलें आहे. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारें दोन लक्ष प्रती छापल्या गेल्या असें सांगतात, त्यांपैकीं शंभराच्या आसपास आज शिल्लक असाव्या असा जाणकारांचा अंदाज आहे.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ही दुर्मिळता कोणीं योजून निर्माण केलेली नव्हती. ती अनास्थेची कमाई आहे. हा मुद्दा पुढें महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

तथापि दुर्मिळतेनें किंमत ठरते असें म्हणावें, तर दोन अडचणी उभ्या राहतात. १९३८ ते १९४५ ह्या काळांत निघालेले व दोनचार महिन्यांतच बंद पडलेले असे कित्येक अंक आहेत, कीं ज्यांच्या प्रती सुपरमॅनच्या पहिल्या अंकापेक्षांही कमी उरल्या आहेत. त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, आणि त्यांची किंमतही त्या मानानें किरकोळ आहे. उलट ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक पाहा. तो १९७४ चा. त्याच्या हजारों प्रती सुस्थितींत आहेत, व विक्रीसही नेहमीं येतात. तरी केवळ ‘वुल्व्हरिन’ हा पुढें लोकप्रिय झालेला वीर त्यांत पहिल्यानें पूर्णपणें अवतरला एवढ्याच कारणानें त्यास हजारों डॉलर पडतात. तात्पर्य, दुर्मिळता ही विहिरीच्या कठड्यासारखी आहे. कठड्यानें विहिरीस आकार येतो, पाणी येत नाहीं. पाणी कोठून येतें, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मतें ह्या पाण्याचा झरा म्हणजे एका पिढीची स्मृति. जो मुलगा १९४० मध्यें दहा वर्षांचा होता तो १९६५ मध्यें पस्तिशीचा, कमावता, घरदार असलेला गृहस्थ झाला. नेमक्या त्याच सुमारास जुन्या अंकांची हांक ऐकूं येऊं लागते. १९६१ मध्यें डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स ह्यांनीं रॉय टॉमस ह्यांच्या साह्यानें ‘ऑल्टर ईगो’ हें चाहत्यांसाठीं चाहत्यांनींच चालविलेलें पत्र काढलें. कोणता वीर कोणत्या अंकांत प्रथम आला, कोणतें चित्र कोणाच्या हातचें, ह्याच्या याद्या तयार होऊं लागल्या. १९६५ मध्यें ज्यूल्स फायफर ह्या व्यंगचित्रकारानें आपल्या बालपणींच्या वीरांवर एक ग्रंथच लिहिला, आणि १९६६ मध्यें दूरचित्रवाणीवर बॅटमॅनचा खेळ सुरू होऊन सारा देश त्याविषयीं बोलूं लागला. प्रौढ मनुष्य आपलें बालपण परत विकत घेऊं शकत नाहीं. परंतु बालपणीं हातीं असलेली वस्तु विकत घेऊं शकतो, आणि ती जर आईनें टाकून दिलेली असली तर अधिकच आवेशानें घेतो. हाच क्रम पुढील पिढीनें गिरविला. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकांत ‘स्पायडर-मॅन’ बारा सेंटांस भेटला होता. त्या वेळचीं मुलें विसाव्या शतकाच्या अखेरीस पन्नाशीच्या घरांत आलीं, आणि ह्या अंकाचा भाव त्यानंतरच आकाशाकडे झेपावला.

हा नियम अमेरिकेपुरता नाहीं. मुंबईंतील टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें मार्च १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलें. त्याच्या मराठी आवृत्त्याही निघत. १९९० मध्यें तें बंद पडलें. महाराष्ट्रांतील घरोघरचे ते अंक दिवाळीपूर्वींच्या सफाईंत वजनावर रद्दीवाल्याकडे गेले, आणि आज चाळिशी-पन्नाशी उलटलेले वाचक त्याच अंकांचा जुन्या पुस्तकांच्या बाजारांत शोध घेतांना दिसतात. आंकडे लहान आहेत. मनाची रीत तीच आहे.

परंतु स्मृतीनें मागणी निर्माण झाली तरी बाजार निर्माण होत नाहीं. पांच संग्राहकांनीं परस्परांत पत्रव्यवहार करून सौदे करणें निराळें, आणि परक्या माणसानें न पाहिलेल्या मालासाठीं हजारों डॉलर पाठविणें निराळें. त्यास भावाची यादी लागते व मालाची पारख लागते. ह्या दोन्ही गोष्टी क्रमानें आल्या, आणि प्रत्येकीबरोबर किंमतीनें नवी उडी घेतली.

भावाची यादी १९७० मध्यें आली. टेनेसी संस्थानांतील रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट ह्यांनीं त्या वर्षीं जुन्या कॉमिकांचे भाव देणारी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, व पुढें ती वर्षानुवर्षें निघत राहिली. तिच्या पहिल्या आवृत्तींत ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचा उत्तम स्थितींतील भाव तीनशें डॉलर दिलेला होता. अशा पुस्तकाचा परिणाम दुहेरी होतो. एक तर, खेड्यांतील विक्रेता व शहरांतील ग्राहक ह्यांच्या पुढें एकच आंकडा येतो, आणि रद्दीच्या ढिगांत काय पडलें आहे हें ज्यास त्यास कळतें. दुसरें असें कीं, छापील आंकडा नुसता बाजाराचें वर्णन करीत नाहीं. तो बाजारास वळणही लावतो. मागच्या वर्षीं दोनशें, यंदां तीनशें, असें एकाखालीं एक वाचलें कीं वाचणाराच्या मनांत पुढील वर्षाचा आंकडा आपोआप उमटतो. जी वस्तु आठवणीसाठीं घेतली जात होती ती ठेव म्हणूनही घेतली जाऊं लागते. मनुष्य स्वभावतः लोभी असो वा नसो. चढती आंकडेवारी त्यास लोभी बनविते.

पारखेचें महत्त्व १९७७ मध्यें एका घटनेनें पटलें. कोलोरॅडो संस्थानांत एडगर चर्च नांवाच्या जाहिरात-चित्रकारानें कॉमिकांचा प्रचंड संग्रह केला होता. अठरा ते बावीस हजार अंक रचून ठेवलेले. कोरड्या, थंड हवेमुळें व कोणीं हात न लावल्यामुळें त्यांतील कागद पांढरा व शाई ताजी राहिली होती. हा संग्रह चक रोझान्स्की ह्या तरुण विक्रेत्यानें घेतला व ‘माइल हाय’ ह्या नांवानें तो प्रसिद्धीस आला. चाळीस वर्षांपूर्वींचा अंक नवा असतांना कसा दिसत असेल, हें संग्राहकांनीं त्या वेळीं प्रथम डोळ्यांनीं पाहिलें. आणि मार्गदर्शिकेंतील भावाच्या कित्येक पट रकमा ते अशा प्रतींसाठीं देऊं लागले. तेव्हांपासून ‘कोणता अंक’ ह्याच्या जोडीस ‘कोणती प्रत’ हा प्रश्न आला. घोड्यांच्या बाजारांत जशी वंशावळ पाहतात, तशी प्रतींचीही कुळी सांगण्याची चाल पडली. एखाद्या प्रतीच्या आयुष्यांत घडलेली कथाही तिच्या किंमतींत जमा होऊं लागली. निकोलस केज ह्या सुप्रसिद्ध नटाकडील ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची प्रत २००० सालीं चोरीस गेली, ती २०११ मध्यें सांपडली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एकवीस लक्ष साठ हजार डॉलरांस विकली गेली. चोरीनें वस्तूस बट्टा लागावयाचा, तो येथें अलंकार झाला.

पारखेस शास्त्राचें रूप मात्र २००० सालीं आलें. त्या वर्षीं ‘सर्टिफाइड गॅरंटी कंपनी’ सुरू झाली. विक्रीव्यवहाराशीं संबंध नसलेल्या तिऱ्हाइतानें प्रत तपासावी, पानें मोजावीं, कोठें रंग भरला आहे कीं कड कापली आहे तें पाहावें, दहापैकीं गुण द्यावे, आणि ती प्रत कठीण पारदर्शक पेटींत कायमची बंद करावी, अशी ही व्यवस्था. नाण्यांच्या व्यापारांत ती आधींच रूढ होती. पूर्वीं ‘उत्तम’ ह्या शब्दाचा अर्थ विकणाराच्या मनांत एक व घेणाराच्या मनांत दुसरा असे, आणि तंटे होत. आतां ९.४ म्हणजे ९.४. संगणकाच्या जाळ्यावर भरणाऱ्या लिलांवांची त्याच सुमारास भरभराट झाली, आणि न्यूयॉर्कची प्रत टोकियोंतील माणसास न पाहतां घेणें शक्य झालें. भांडवलास जें हवें असतें तें सर्व आतां तयार होतें: ठरीव वजन, ठरीव कस, आणि खुला बाजार. साध्या डोळ्यांस ९.४ व ९.६ ह्यांतील भेद दिसतही नाहीं. परंतु किंमतींत तो दुपटीचा, कधीं त्याहूनही मोठा पडतो. कारण ग्राहक आतां अंक घेत नाहीं, आंकडा घेतो.

ह्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकानें दिला आहे. ९.६ गुणांची एक प्रत २०११ मध्यें अकरा लक्ष डॉलरांस गेली. त्याच गुणांची प्रत सप्टेंबर २०२१ मध्यें छत्तीस लक्ष डॉलरांस गेली. ह्या दहा वर्षांत त्या कागदाचा कस वाढला नाहीं, त्यांतील कथा सुधारली नाहीं. बदलले तें बाहेरचें जग. २००२ पासून चित्रपटांनीं स्पायडर-मॅनला पृथ्वीच्या सर्व खंडांत नेलें. २००८ पासून मार्व्हल कंपनीनें आपल्या वीरांचे बोलपट एकामागून एक गुंफण्यास आरंभ केला. आणि ज्यांनीं कॉमिक कधीं हातांतही घेतलें नव्हतें अशा धनिकांसही त्या नांवाची ओळख झाली.

चित्रपटांच्या ह्या प्रभावाविषयीं बाजारांत पुष्कळ बोललें जातें. आम्हांस तो कारणांच्या यादींत दुय्यम वाटतो. ‘ब्लॅक पँथर’ हा वीर जुलै १९६६ च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या ५२ व्या अंकांत प्रथम आला, २०१८ च्या बोलपटाच्या वार्तेबरोबर त्या अंकास मागणी आली. परंतु अशा तेजीचा नित्याचा क्रम असा असतो कीं, बोलपटाची घोषणा होतांच भाव चढतो, पडद्यावर चित्र झळकतें तेव्हां घेणारे विकूं लागतात, आणि वर्षभरानें उधाण ओसरतें. ज्या वीरामागें आधींपासूनच वाचकांची एखादी पिढी उभी असते त्याचाच भाव उधाण ओसरल्यावरही वरच्या पायरीवर राहतो. चित्रपट आग पसरवितो. आग लागण्यास सरपण आधीं सांठलेलें असावें लागतें.

आतां ज्या प्रकरणावरून ह्या साऱ्या मीमांसेची कसोटी लागते त्याकडे वळूं. १९७३ पासून फिल स्यूलिंग ह्यांच्या प्रयत्नानें कॉमिकांच्या खास दुकानांस परताव्याविना थेट माल देण्याची पद्धत सुरू झाली होती. तिचा एक परिणाम असा झाला कीं, न खपलेला अंक पूर्वीं नष्ट होई, तो आतां दुकानदाराच्या पेटींत जपून राहूं लागला. १९९० च्या सुमारास, जुन्या अंकांच्या चढत्या किंमतींच्या वार्ता वृत्तपत्रांत वाचून, हजारों लोक नवे अंक उद्यांची ठेव म्हणून घेऊं लागले. प्रकाशकांनींही त्यांस खतपाणी घातलें: एकाच अंकास अनेक मुखपृष्ठें, चकाकणारी शाई, सीलबंद पिशव्या. १९९१ मध्यें ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पांच निरनिराळ्या मुखपृष्ठांनिशीं निघाला व त्याच्या ऐंशी लक्षांहून अधिक प्रती खपल्या. नोव्हेंबर १९९२ मध्यें सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवींत, हातावर बांधण्याच्या काळ्या सुतकी पट्टीसह विकण्यांत आला, आणि तोही लाखोंनीं गेला. एक प्रत वाचावयास, चार न उघडतां ठेवावयास, असा ग्राहकांचा हिशेब असे.

पुढें काय झालें तें सांगण्यास फार शब्द नकोत. प्रत्येकानें जपलेली वस्तु प्रत्येकाजवळच राहिली. विकावयास सारे निघाले, घ्यावयास कोणी उरला नाहीं. अनेक दुकानें बसलीं. आणि डोक्यावरील कर्जाचाही भार असह्य होऊन खुद्द मार्व्हल कंपनीनें डिसेंबर १९९६ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळचे ते अंक आजही थोडक्या डॉलरांत मिळतात, आणि पुष्कळदां पिशवी न उघडलेलेच मिळतात.

येथें आमच्या प्रतिपादनाचें सार हातीं येतें. ज्यांच्या किंमती वाढाव्या म्हणून ते जपले गेले, त्या अंकांच्या किंमती वाढल्या नाहींत. ज्यांस कोणीं जपलें नाहीं त्यांच्याच वाढल्या. मुलांनीं १९३८ चा अंक फाटेपर्यंत वाचला, म्हणून त्याची आठवण राहिली. आणि फाटेपर्यंत वाचला, म्हणूनच त्याच्या प्रती राहिल्या नाहींत. प्रेम व नाश हीं दोन्ही एकाच हातानें घडलीं. १९९२ च्या ग्राहकानें वाचलेंही नाहीं आणि फाडलेंही नाहीं. त्यामुळें त्याच्याजवळ प्रत राहिली, पण त्या प्रतीची आंस धरणारा वाचक निर्माण झाला नाहीं. भावाची यादी, गुणांची पेटी, लिलांव, बोलपट हीं सारीं किंमतीस पंख देतात. तिचा जीव मात्र वापरून संपलेल्या वस्तूविषयींच्या हळहळींत असतो.

गेल्या कांहीं वर्षांतील हालचालींनीं ह्या निष्कर्षास बाधा येत नाहीं. २०२० च्या महामारींत लोक घरीं बसले, व्याजाचे दर उतरले, हातीं पैसा खेळूं लागला, आणि संग्राह्य वस्तूंच्या सर्वच बाजारांत भरती आली. एप्रिल २०२२ मध्यें कॅप्टन अमेरिकेच्या त्या ठोशाच्या अंकाची एक उत्कृष्ट प्रत एकतीस लक्ष वीस हजार डॉलरांस गेली. पुढें व्याज चढलें तशी मधल्या दर्जाच्या, विपुल प्रती असलेल्या अंकांचे भाव घसरले; अग्रगण्य अंक मात्र ढळले नाहींत. नोव्हेंबर २०२५ मध्यें ‘सुपरमॅन’ ह्या स्वतंत्र मासिकाच्या १९३९ मधील पहिल्या अंकाची एक प्रत एक्याण्णव लक्ष वीस हजार डॉलरांस विकली गेली. कॅलिफोर्नियांतील एका घराच्या पोटमाळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालीं, ती तीन भावांस सांपडली होती. त्यांच्या आईनें लहानपणापासून ती ठेवलेली होती. ज्या आयांच्या नांवानें संग्राहकांनीं इतकीं वर्षें खडे फोडले, त्यांपैकीं एका आईनेंच हा ठेवा राखावा, ह्यांत दैवाचा विनोद आहे.

असो. हिशेब पुरा करावयाचा तर आणखी एक रक्कम मांडली पाहिजे. सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्यें सीगेल व शुस्टर ह्यांनीं एकशें तीस डॉलरांस लिहून दिले. पुढें त्यांनीं न्यायालयाचीं दारें ठोठावलीं, व त्यांत त्यांस यश आलें नाहीं. उतारवयांत, १९७५ मध्यें, लोकमताच्या दडपणानें कंपनीनें त्यांस प्रत्येकीं सालीना वीस हजार डॉलरांचें निर्वाहवेतन देऊं केलें. शुस्टर १९९२ मध्यें व सीगेल १९९६ मध्यें वारले. ते एकशें तीस डॉलर ज्या धनादेशानें चुकते झाले तो धनादेश कोणीं तरी जपून ठेवला होता; २०१२ मध्यें तो लिलांवांत एक लक्ष साठ हजार डॉलरांस गेला. निर्मात्यास जें मोल दिलें, त्याच्या कागदी खुणेस हजार पटींहून अधिक मोल आलें. साठ लक्षांच्या सौद्यांतील एक कवडीही त्या दोघांच्या घरीं गेलेली नाहीं, कारण जुन्या प्रतीच्या विक्रींत कर्त्याचा वांटा नसतो.

आणि वाचकाच्या वांट्यास तरी काय आलें? पेटींत बंद झालेला अंक पुन्हां उघडला तर त्याचा गुणांक जातो व त्याबरोबर किंमतही जाते. म्हणून तो उघडला जात नाहीं. त्यांतील कथा स्वस्त पुनर्मुद्रणांत कोणासही वाचावयास मिळते. मूळ अंकापाशीं आतां केवळ तो मूळ असल्याची कीर्ति उरली आहे. ही स्थिति किती काळ टिकेल हें सांगणें कठीण आहे. ज्या पिढ्यांनीं हे वीर दहा-बारा सेंट देऊन घरीं आणले त्या मावळत आहेत, आणि पुढील पिढी त्यांस पडद्यावर भेटली आहे, कागदावर नव्हे. तिची हळहळ कशासाठीं असेल, तें आज तिच्या हातांत झिजत असलेल्या कोणत्या तरी क्षुल्लक वस्तूस ठाऊक असेल, आम्हांस नाहीं.

एवढें मात्र निश्चित म्हणतां येतें, कीं जुन्या कॉमिकांच्या किंमतींचा चढता आलेख ही कलेच्या उत्कर्षाची किंवा व्यापारी दूरदृष्टीची नोंद नव्हे. एका समाजानें आपल्या मुलांचें आवडतें वाङ्मय कचरा मानून रद्दींत, होळींत व कचऱ्याच्या पेटींत घातलें. त्याच मुलांनीं मोठेपणीं, आणि त्यांच्यामागून त्यांच्या देखादेखी भांडवलवाल्यांनीं, त्या अनास्थेचा भरलेला हा दंड आहे. तो प्रत्येक लिलांवागणिक वाढत गेला आहे. आपापल्या घरांतील पोटमाळे आवरतांना ही गोष्ट कोणास आठवल्यास, विकण्याच्या आशेनें कांहीं मागें ठेवावें असें आम्ही सुचविणार नाहीं. तसें ठेवणारांची गत वर सांगितलीच आहे. मुलें जें आवडीनें वाचतात त्यास कचरा म्हणण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.